उपग्रहाला आपलं शेत किती दिसतं?

खरिपाची काढणी जवळ आली की मराठवाड्यात पारावरच्या गप्पा फिरून फिरून पाऊस आणि पीक विम्यावर येतात. अलीकडे त्यात उपग्रहाची भर पडली आहे. ‘उपग्रहाच्या पाहणीत तुमच्या मंडळातलं पीक चांगलं दिसतंय’ असं कोणी सांगितलं की शेतकरी गप्प होतो. आकाशातून काढलेल्या फोटोशी वाद घालायचा तरी कसा? त्यातच पेपरात वाचलेलं असतं, की इस्रोचा कार्टोसॅट-३ पाचशे किलोमीटरवरून पंचवीस सेंटीमीटरपर्यंतचं बारीक टिपतो. पंचवीस सेंटीमीटर म्हणजे जेमतेम एक वीत. एवढं बारीक पाहणाऱ्याला माझं वाळलेलं सोयाबीन दिसलं नाही का, असा प्रश्न मग कोणालाही पडेल.

थोडक्यात उत्तर असं, की वितीएवढी वस्तू टिपणारा उपग्रह वेगळा आणि पिकावर लक्ष ठेवणारा उपग्रह बहुतेक वेळा वेगळा. शिवाय या दोघांनाही न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी शेतात घडत असतात. हे समजून घेणं आता गरजेचं आहे. २०२३च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत भात आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज काढताना उपग्रह आणि हवामानाच्या माहितीवरून आलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरलं. या पद्धतीचं नाव यस-टेक. २०२४च्या खरिपापासून त्यात सोयाबीनही आलं. सोयाबीन आलं म्हणजे विषय थेट मराठवाड्याच्या घरात आला.

एक ठिपका, किती गुंठे?

उपग्रहाचं चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका ठिपक्यात जमिनीचा केवढा तुकडा मावतो, त्यावरून चित्राचं रिझोल्यूशन ठरतं. तुकडा जितका लहान तितकं रिझोल्यूशन जास्त. ठिपक्याच्या आत काय काय आहे हे वेगवेगळं कळत नाही. त्या सगळ्या तुकड्यावरून आलेल्या उजेडाचा मिळून एकच आकडा नोंदला जातो.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा सगळ्यात बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. आपल्या रिसोर्ससॅट-२ आणि २ए या उपग्रहांवर तीन कॅमेरे आहेत. त्यातल्या लिस-४चा ठिपका ५.८ मीटरचा, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. लिस-३चा साडेतेवीस मीटरचा, त्यात साडेपाच गुंठे बसतात. तिसरा ॲविफ्स, त्याचा ठिपका ५६ मीटरचा, म्हणजे पाऊण एकराहून थोडा मोठाच. टीव्हीवर ढगांचं चित्र दाखवतात ते इन्सॅटचं. तो ३६ हजार किलोमीटरवर असतो आणि त्याचा दिवसाच्या चित्रातला ठिपका एक किलोमीटरचा, म्हणजे जवळपास अडीचशे एकरांचा. आणि कार्टोसॅट-३ एका गुंठ्याचे सोळाशे ठिपके करतो.

आता एक शेत घेऊ. भावकीत वाटण्या होऊन उरलेला दोन एकरांचा पट्टा, वीस मीटर रुंद आणि चारशे मीटर लांब. असे पट्टे आपल्याकडे गावोगावी आहेत. सेंटिनेलची जाळी काही आपला बांध पाहून आखलेली नसते. त्यामुळे वीस मीटरच्या रुंदीत बहुधा एकच ठिपका पूर्णपणे या शेतात बसतो. त्याच्या दोन्ही अंगांचे ठिपके थोडे आपल्या आणि थोडे शेजाऱ्याच्या शेतात पडतात. लिस-३च्या चित्रात तर निव्वळ या शेताचा असा एकही ठिपका मिळायचा नाही. प्रत्येकात शेजारचा ऊस, बांधावरचं लिंब किंवा गाडीवाट मिसळलेली असणार.

भेसळ शेताच्या आतही असते. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी असं आंतरपीक असेल, तर एका गुंठ्याच्या ठिपक्यात दोन्ही पिकं येतात. सप्टेंबरच्या शेवटाला सोयाबीन पिवळं पडून पानं गाळतं, तेव्हा तूर हिरवीगार असते. त्या ठिपक्यातला हिरवेपणा तुरीचा की सोयाबीनचा, हे नुसत्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

पाचशे किलोमीटरवरून वीतभर: हा कॅमेरा चालतो कसा?

कार्टोसॅट-३ हा २७ नोव्हेंबर २०१९ रोजी पीएसएलव्ही-सी४७ या रॉकेटाने श्रीहरिकोट्याहून गेला. वजन सुमारे १६२५ किलो, कक्षा ५०९ किलोमीटरवर. त्याची कक्षा सूर्याशी जुळवलेली आहे, म्हणजे तो दरवेळी एखाद्या ठिकाणावरून साधारण ठरावीक वेळेलाच जातो. असे बरेच उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला जातात. वेळ तीच राहिली की उजेडाची दिशाही फारशी बदलत नाही आणि दोन तारखांची चित्रं शेजारी ठेवून पाहता येतात.

लांबचं बारीक पाहायचं तर आरसा मोठा लागतो. प्रकाश लाटांसारखा वागतो. दुर्बिणीत शिरताना तो कडांपाशी किंचित पसरतो आणि जवळजवळचे दोन बिंदू एकमेकांत मिसळून जातात. आरशाचा व्यास वाढवला की हे पसरणं कमी होतं. ५०९ किलोमीटरवरून पंचवीस सेंटीमीटरचा तपशील सुटा दिसायला गणिताने साधारण सव्वा मीटरचा आरसा लागतो, आणि कार्टोसॅट-३च्या दुर्बिणीचा मुख्य आरसा १.२ मीटरचा आहे. इथे सॉफ्टवेअरची हुशारी फार पुढे नेत नाही. आरसा तेवढा नसेल तर तपशील मुळात उपग्रहापर्यंत पोचतच नाही.

आरशाने गोळा केलेला उजेड प्रकाश मोजणाऱ्या बारीक घरांच्या एका लांब ओळीवर पडतो. मोबाइलचा कॅमेरा एका दमात अख्खा चौकोन टिपतो, तसं इथे होत नाही. तिफण जशी पुढे सरकत जाते आणि मागे ओळी पडत जातात, तसा उपग्रह पुढे सरकतो आणि जमिनीची एकेक आडवी ओळ टिपत जातो. चित्र तयार होतं ते उपग्रहाच्या चालीमुळेच. कार्टोसॅट-३च्या पट्ट्याची रुंदी सोळा किलोमीटर आहे. पंचवीस सेंटीमीटरचा एक ठिपका धरला तर एका ओळीत चौसष्ट हजार ठिपके होतात.

अडचण वेगाची आहे. या उंचीवरचा उपग्रह जमिनीच्या हिशोबाने सेकंदाला सात किलोमीटर पळतो. सोयगावापासून उमरग्यापर्यंतचा मराठवाडा त्याला पाऊण मिनिटात मागे टाकता येतो. अशा वेगात पंचवीस सेंटीमीटरची ओळ कॅमेऱ्यासमोर राहते सेकंदाचा फक्त अठ्ठावीस हजारावा भाग. एवढ्या वेळात गोळा झालेला उजेड कशाच्याच कामाचा नसतो, चित्र काळपट आणि दाणेदार येईल. म्हणून घरांची एकच ओळ न ठेवता एकामागे एक अशा अनेक ओळी ठेवतात. जमिनीचा तोच तुकडा आधी पहिल्या ओळीसमोर येतो, मग दुसरीसमोर, मग तिसरीसमोर. पहिल्या ओळीत साठलेला विजेचा भार त्याच वेगाने दुसरीत सरकवला जातो, तिथे नव्या उजेडाची भर पडते, आणि असं करत शेवटच्या ओळीतून जो आकडा बाहेर पडतो त्यात सगळ्यांची बेरीज असते. गरज पडली तर उपग्रह पुढे जाता जाता कॅमेऱ्याचं तोंड हळूहळू मागे वळवतो, म्हणजे तोच भाग थोडा जास्त वेळ समोर राहतो.

हे सगळं होताना उपग्रह जराही डुगडुगून चालत नाही. एका अंशाचे ३६०० भाग केले आणि त्यातल्या एका भागाएवढा उपग्रह कलला, तर जमिनीवर नेम अडीच मीटरने सरकतो. म्हणजे दहा ठिपके. म्हणून उपग्रह ताऱ्यांकडे पाहून आपली दिशा ओळखतो आणि आतली चाकं कमी-जास्त वेगाने फिरवून स्वतःला सावरतो. दर दीड तासाच्या प्रदक्षिणेत तो उन्हातून पृथ्वीच्या सावलीत आणि सावलीतून पुन्हा उन्हात जातो. एवढ्या तापण्या-निवण्यात आरसा केसाच्या जाडीच्या बारीकशा अंशानेही वाकू नये, यासाठी त्याचं तापमान धरून ठेवावं लागतं. आपल्या अहमदाबाद आणि बेंगळुरूच्या केंद्रांतल्या माणसांनी हे साधलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९८८मध्ये गेलेल्या आयआरएस-१ए या नियमित कामासाठी सोडलेल्या आपल्या पहिल्या दूरसंवेदन (दुरून जमीन पाहणाऱ्या) उपग्रहाचे ठिपके एका कॅमेऱ्यात बहात्तर आणि दुसऱ्यात छत्तीस मीटरचे होते, आणि तो सोडायला रॉकेट सोव्हिएत रशियाचं लागलं होतं.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. पंचवीस सेंटीमीटर हा आकडा कृष्णधवल चित्राचा आहे. रंग वेगळे करायचे म्हणजे उजेड वाटून घ्यायचा. प्रत्येक रंगाच्या वाट्याला थोडाच येतो, म्हणून रंगीत चित्राचा ठिपका मोठा ठेवावा लागतो. कार्टोसॅट-३चा तो एक मीटरहून थोडा जास्त आहे. नंतर संगणकावर कृष्णधवल चित्राचा बारकावा आणि रंगीत चित्राचा रंग एकत्र करतात. आपण पाहतो ते चकचकीत चित्र असं दोन चित्रांचं मिळून झालेलं असतं.

मग गाडीचा नंबर वाचता येतो का?

नाही. गोदावरीच्या पात्रातून वाळू नेणारा हायवा साधारण अडीच मीटर रुंद असतो, म्हणजे दहा ठिपके. तो चांगलाच ओळखू येतो आणि पात्रात पडलेले खड्डेही दिसतात. मोटारसायकल तीन ठिपके रुंद आणि आठ ठिपके लांब, तिचा अंदाज बांधता येतो. उभा माणूस वरून पाहिला तर खांद्यांचे दोन ठिपके. सावली पडली असेल तर कळतं की कोणीतरी उभं आहे, कोण ते नाही. एक सेंटीमीटरचा तपशील याच उंचीवरून पाहायचा तर तीस मीटर व्यासाचा आरसा लागेल. तो नेला, तरी वातावरणातली हलती हवा चित्र पुसट करणारच.

उपग्रह दिवसभर डोक्यावर थांबून आपल्याला पाहतोय, हीसुद्धा अशीच एक समजूत. एका जागी थांबल्यासारखे दिसतात ते इन्सॅटसारखे दूरचे उपग्रह, आणि त्यांना गाव एका ठिपक्यात मावतं. जवळचे उपग्रह काही मिनिटांत क्षितिजापार जातात.

याच कॅमेऱ्याने सगळी शेतं का पाहत नाहीत?

कारण बारकावा घ्यायचा तर रुंदी सोडावी लागते. वैजापूरपासून किनवटपर्यंत मराठवाडा पूर्व-पश्चिम साधारण पावणेचारशे किलोमीटर आहे. सोळा किलोमीटरच्या पट्ट्याने तो झाकायचा तर तेवीस-चोवीस पट्टे लागतील, आणि उपग्रहाला बाकीचा देशही पाहायचा असतो. वर माहितीचं ओझं वेगळंच. पूर्ण वेगाने टिपत राहिलं तर कार्टोसॅट-३चे सेकंदाला पावणेदोनशे कोटींहून जास्त ठिपके होतात. ते साठवायचे आणि हैदराबादजवळच्या शादनगरच्या केंद्रावरून उपग्रह जाईल तेवढ्या थोड्या वेळात खाली उतरवायचे. त्यामुळे असा उपग्रह सांगितलेल्या जागेचंच चित्र काढतो. नकाशे, नवे रस्ते, गावठाणाची वाढ, शेततळी, पाणलोटाचं नियोजन ही त्याची कामं.

पिकाला मात्र वरचेवर पाहावं लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस-७१ हे सोयाबीनचं वाण शंभरेक दिवसांत निघतं. एका उपग्रहावरचा लिस-३ त्याच जागी चोवीस दिवसांनी परत येतो, म्हणजे पेरणी ते काढणी फार तर चार-पाच फेऱ्या. सेंटिनेल-२चा पट्टा २९० किलोमीटर रुंद आहे आणि दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा पाहतात. ॲविफ्सही पाच दिवसांनी येतो. पीक पाहणीत बारीक ठिपक्यापेक्षा लवकर परत येणाऱ्या उपग्रहाला जास्त महत्त्व आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला ते आठ-दहा दिवस चित्रात नसतील, तर आधी-नंतरचं चित्र कितीही देखणं असून काय उपयोग?

पीक कसं आहे हे चित्रावरून कळतं कसं?

हिरवं, निरोगी पान अन्न तयार करण्यासाठी तांबडा प्रकाश शोषून घेतं. तांबड्याच्या पलीकडे आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो, त्याला नजीकचा अवरक्त म्हणतात. तो मात्र पान भरपूर परत फेकतं, कधीकधी निम्म्याच्या आसपास. पान सुकलं, पिवळं पडलं की हा फरक कमी होतो. उपग्रह दोन्ही प्रकाश वेगळे मोजतो आणि त्यांच्यातल्या फरकावरून एक आकडा काढतात. त्याला एनडीव्हीआय म्हणतात. नुसत्या काळ्या मातीचा तो ०.१-०.२च्या घरात राहतो, दाट पिकाचा ०.७-०.८पर्यंत जातो.

या आकड्याची एक मर्यादा सहसा कोणी सांगत नाही. पानांनी जमीन पूर्ण झाकली की तो जवळजवळ थांबतो. त्यानंतर पीक आणखी भरलं तरी आकडा फारसा हलत नाही. त्यामुळे एकरी पाच क्विंटलचं आणि नऊ क्विंटलचं सोयाबीन ऑगस्टमध्ये एकसारखंच हिरवं दिसू शकतं. पानातल्या पाण्याचा अंदाज देणारे आणखी काही प्रकाशपट्टे सेंटिनेल-२वर आहेत. त्याला एकूण तेरा पट्टे वेगवेगळे मोजता येतात, म्हणून पिकासाठी तो उपयोगी.

ढग आले की काय होतं?

इथे आपल्या खरिपाचं खरं दुखणं आहे. वर सांगितलेले सगळे कॅमेरे सूर्याच्या उजेडावर चालतात आणि ढगाच्या आरपार पाहू शकत नाहीत. जून ते सप्टेंबर एखाद्या ठिकाणची लागोपाठची तीन-चार चित्रं ढगांनी वाया जाणं नेहमीचंच. मराठवाड्यात ऑगस्टमध्ये आभाळ भरून राहतं, वारं सुटतं आणि पाऊस पडत नाही, हे सगळ्यांच्या अनुभवाचं. खाली पीक माना टाकतं आणि वर कॅमेऱ्याला नुसते ढग दिसतात. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. अशा महिन्यात पिकाला बसलेला ताण शोधायचा तर नेमकी तीच चित्रं हवी असतात.

यावरचा उपाय म्हणजे रडार. हा उपग्रह सूर्याच्या उजेडावर अवलंबून नसतो. तो स्वतः रेडिओ लहरी खाली सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. काही सेंटीमीटर लांबीच्या या लहरी ढगातून सहज पार होतात आणि रात्रीही चालतात. इस्रोचा ईओएस-०४ हा असा उपग्रह १४ फेब्रुवारी २०२२ला गेला. ३० जुलै २०२५ला निसार गेला. तो इस्रो आणि नासा यांनी मिळून बांधलाय. त्याची जाळीदार तबकडी बारा मीटरची आहे आणि दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरी वापरून तो दर बारा दिवसांनी त्याच कक्षेवर परत येतो.

रडारला रंग दिसत नाही. त्याला खडबडीतपणा, पाण्याचा अंश आणि रचना कळते. साठलेलं संथ पाणी लहरी पुढच्या पुढे परतवून देतं, उपग्रहाकडे फारसं काही येत नाही, म्हणून पूर काळा दिसतो. ओल्या मातीकडून येणारा परतावा कोरड्या मातीहून जास्त असतो. उभ्या पिकाखाली पाणी साठलं असेल तर लहरी पाण्यावरून खोडांवर आणि तिथून परत उपग्रहाकडे येतात. मग पाणी असूनही ती जागा काळी दिसण्याऐवजी उजळ दिसू शकते. नुसता काळा भाग मोजून पुराचा हिशोब केला तर अशी शेतं सुटतात.

२०२५च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, गोदावरीच्या काठांवर पूर आला, तो आठवा. पाणी शेतात शिरलं, कुठे तासाभरात ओसरलं, कुठे चार दिवस थांबलं. रडार उपग्रह ज्या दिवशी वरून गेला त्या दिवशी जिथे पाणी उभं होतं, तेवढंच त्याच्या चित्रात पूर म्हणून उतरतं. आदल्या रात्री येऊन गेलेलं पाणी त्याला कळत नाही. खरडून गेलेली जमीन, ओढ्याने बदललेली वाट, शेतात पसरलेला वाळूचा थर, हे नंतर आभाळ मोकळं झाल्यावर कार्टोसॅटसारख्या बारीक कॅमेऱ्याने उत्तम दिसतं. या कामासाठी वीतभर ठिपक्याला तोड नाही, आणि जमीन खरडून गेलेल्या शेतकऱ्यांसाठी तो जास्त वापरला जावा असं मला तळमळीने वाटतं.

‘पण गुगलवर तर माझी विहीरसुद्धा दिसते!’

दिसते, कारण ते चित्र आजचं नसतं. वेगवेगळ्या दिवसांची, ढग नसलेली चित्रं निवडून, जोडून तो नकाशा केलेला असतो. एखाद्या शिवाराचं चित्र दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतलं असू शकतं आणि शेजारच्या गावाचं त्याहून जुनं. गुगल अर्थमध्ये खाली तारीख दाखवतात, ती पाहण्याची सवय ठेवावी. आपली शेतं तिथे बऱ्याचदा उन्हाळ्यातल्यासारखी तपकिरी दिसतात, कारण निरभ्र चित्रं त्याच दिवसांत मिळतात.

यंत्र खोटं बोलत नाही, मग पंचनामा कशाला?

यंत्र खोटं बोलत नाही हे खरं. पण उपग्रहाला पान दिसतं, दाणा दिसत नाही. सोयाबीनला ऐन फुलोऱ्यात पाण्याचा खंड पडला, फुलं गळाली आणि नंतर पाऊस आला, तर झाड पुन्हा हिरवं होतं. शेंगा मात्र लागत नाहीत, किंवा लागल्या तरी पोचट राहतात. वरून हिरवं शेत, खाली रिकामी झाडं. असं शेत उपग्रहाच्या आकड्यात ‘चांगलं’ दिसण्याची शक्यता असते.

पिवळ्या मोझॅकचं उलट आहे. या रोगाने पानं पिवळी पडतात आणि तो पिवळेपणा चित्रात उतरतो. पण सोयाबीन पक्व होतानाही पिवळंच पडतं. मग हा पिवळेपणा रोगाचा की पिकण्याचा, हे ठरवायला पेरणीची तारीख आणि वाण माहीत असावं लागतं. ऑगस्टअखेरीस पिवळं पडलेलं शेत आणि सप्टेंबरअखेरीस पिवळं पडलेलं शेत यांचा अर्थ एक नाही. ई-पीक पाहणीत पिकाची आणि पेरणीची नोंद खरी आणि वेळेवर असणं इथे कामी येतं. ती नोंद चुकली की उपग्रहाच्या गणितात तुमच्या सोयाबीनच्या जागी दुसरंच काही असतं.

काढणीनंतरचं नुकसान तर उपग्रहाच्या पूर्ण हद्दीबाहेर. सोयाबीन कापून शेतात गंज लावलेली असते, वर ताडपत्री, आणि परतीचा पाऊस दोन दिवस ठाण मांडतो. ताडपत्रीखाली पाणी जातं, शेंगांना कोंब फुटतात, गंज आतून तापून काळी पडते. वरून पाहणाऱ्याला दिसतं ते एक कापणी झालेलं मोकळं शेत. हे नुकसान पाहायला माणसानेच बांधावर जावं लागतं, गंजीत हात घालावा लागतो.

आणखी एक भानगड नकाशाची. गट नंबरच्या हद्दी जुन्या मोजणीच्या कागदावरून संगणकावर घेतलेल्या असतात. त्या उपग्रहाच्या चित्रावर बसवताना चार-सहा मीटरची सरक सहज होऊ शकते. दहा एकरांच्या चौकोनी शेताला त्याने फरक पडत नाही. वीस मीटरच्या पट्ट्यात मात्र तेवढ्याने शेजाऱ्याचं पीक आपल्या नावावर चढतं.

मग उपग्रह नकोच का? तसं म्हणणं शेतकऱ्याच्याच तोट्याचं होईल. विम्यासाठी उत्पादन मोजायचे पीक कापणीचे प्रयोग मोजक्याच शेतांत होतात, आणि कोणत्या शेतात, कोणासमोर, यावरून दरवर्षी तक्रारी होतात. उपग्रह मात्र मंडळातलं प्रत्येक शिवार त्याच मापाने पाहतो, आणि त्याच्यावर कोणाचा दबाव येत नाही. त्याच्याकडे मागच्या वर्षांची चित्रंही जपून ठेवलेली असतात. सेंटिनेल-२ची २०१५पासूनची आणि अमेरिकेच्या लँडसॅटची १९७२पासूनची चित्रं उपलब्ध आहेत. एखाद्या मंडळातला हिरवेपणा मागच्या आठ खरिपांच्या तुलनेत यंदा घसरला, हे त्यावरून ठामपणे दाखवता येतं. मंडळ, तालुका या पातळीवर उपग्रहाचं म्हणणं मोलाचं आहे. एकट्या दोन एकरांबद्दल तो बोलू लागला की मात्र पुरावा मागायला हवा.

पुरावा म्हणजे काय मागायचं?

चित्र कोणत्या उपग्रहाचं, ठिपका किती मीटरचा, आणि चित्रं कोणकोणत्या तारखांची, एवढं आधी विचारावं. पिकाच्या फुलोऱ्याच्या आणि शेंगा भरण्याच्या काळातलं ढगाविना चित्र होतं का, नसेल तर रडारचं वापरलं का, हे त्यानंतर. प्रत्यक्ष शेतात जाऊन किती ठिकाणी पडताळणी केली, हा शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. हे प्रश्न ग्रामसभेत ठरावाने विचारता येतात, माहिती अधिकारातही विचारता येतात.

थोडी पडताळणी आपण स्वतःही करू शकतो. भारतीय अंतराळ धोरण २०२३नुसार सरकारी उपग्रहांची पाच मीटर आणि त्याहून मोठ्या ठिपक्याची चित्रं सगळ्यांना मोफत आहेत. इस्रोचं भुवन हे संकेतस्थळ आहेच. सेंटिनेलची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला तासाभरात जमेल असं काम आहे. नकाशावर आपलं शिवार शोधायचं, जून ते ऑक्टोबरच्या तारखा निवडायच्या, एनडीव्हीआयचं चित्र उघडायचं आणि मागच्या वर्षाच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहायचं. प्रत्येक चित्रासोबत ढगांचं प्रमाण दिलेलं असतं, ते टिपून ठेवा. ज्या आठवड्यांत तुमच्या शिवारावर नुसता ढग आहे आणि कागदावर मात्र ‘पीक समाधानकारक’ लिहिलंय, त्या आठवड्यांच्या तारखा अर्जात घाला आणि हे मत कशावरून झालं ते लेखी मागा.